मांडणीची भिंत

पुणे

प्रिय सखी,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. काकूंच्या सुती साड्यांचे गोधडीसाठी चौकोन कापून झाले आहेत, पण ते सगळे एकाच वेळी पसरून पाहायला घरात जागा नाही, ही तुझी अडचण मला मनापासून समजते. माझी शिवणाची खोली आठ बाय नऊ फुटांची आहे आणि त्यात मशीन, कपाट व इस्त्रीचे टेबल ठेवल्यावर जमीन उरते ती उभे राहण्यापुरतीच. गेल्या वर्षी मी पलंगावर चौकोन मांडत असे आणि रात्री झोपण्यापूर्वी सगळे उचलत असे. चार दिवसांत चार वेळा मांडले आणि चारही वेळा मांडणी वेगळी झाली.

आपल्या आज्यांची रीत निराळी होती. त्या जुन्या लुगड्यांचे थर जमिनीवर अंथरत आणि त्यांवर ठिगळे ठेवत काठाकडून मध्याकडे धावदोरा घालत जात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नडमधील, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातील स्त्रियांची कवंदी, म्हणजे त्यांची ठिगळांची गोधडीही, अशीच कोपऱ्यापासून सुरू होऊन आत आत भरत जाते. आपण दोघी मात्र आधी चौकोन एकमेकांना जोडतो आणि नंतर अस्तर लावतो, त्यामुळे एकदा शिवण पडली की बदल करायचा म्हणजे उसवायचे. म्हणूनच मांडणी उभी करून, दोन-चार दिवस तशीच ठेवून, दुरून पाहता आली पाहिजे. तिकडे अमेरिकेत क्विल्ट करणाऱ्या बायका याला डिझाईन वॉल म्हणतात. मी मांडणीची भिंत म्हणते.

मी ती अशी केली. एक इंच जाडीची, एक मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद अशी थर्माकोलची चार तावदाने आणली. दोन-दोन तावदाने जोडून, मागे जाड पुठ्ठा चिकटवून, एक मीटरचे दोन चौरस फलक केले, त्यांवर पांढरट फ्लॅनेल ताणून बसवले आणि दोन्ही फलक कापडी पट्टीने पुस्तकासारखे जोडले. काम संपले की ती भिंत मिटून कपाटामागे जाते. फ्लॅनेलच्या लवेत सुती कापडाचे तंतू अडकतात, त्यामुळे चौकोन नुसता दाबला तरी टिकतो. रेशमी किंवा नायलॉनचे कापड मात्र घसरते. तिथे टाचणी लागते आणि ती थर्माकोलमध्ये सरळ रुतते. नुसते फ्लॅनेल भिंतीवर टांगले असते, तर ही सोय मिळाली नसती.

गोंदाबाबत माझी चूक तू करू नकोस. घरात होता तो उग्र वासाचा, चामडे चिकटवण्याचा गोंद मी पहिल्या तावदानाला लावला आणि त्यातल्या द्रावकाने थर्माकोल विरघळून खड्डे पडले. पाण्यात मिसळणारा पांढरा फेव्हिकॉल वापर आणि कापड मागच्या बाजूलाच चिकटव, कारण पुढे गोंद लागला की लव कडक होते. भिंत गरम इस्त्रीपासून आणि देवघरातल्या समईपासून दूर ठेव. थर्माकोल लगेच वितळते आणि पेटतेही. घर भाड्याचे असल्यामुळे मी खिळा ठोकला नाही. फलक पाटावर उभे करून वरच्या टोकाच्या नाड्या पडद्याच्या दांडीला बांधल्या आहेत. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते, म्हणून मागे बोटभर अंतर ठेवते.

मापाचा हिशेब मात्र नीट समजून घे, कारण माझा सगळा घोळ तिथेच झाला होता. सहा इंचांचा चौकोन हवा असेल तर आपण साडेसहा इंचांचा कापतो, कारण चारही बाजूंनी पाव इंच शिवणीत जाते. शिवण्यापूर्वी तो भिंतीवर साडेसहा इंचच जागा घेतो. म्हणजे आडवे सहा आणि उभे बारा चौकोन लावले, तर 39 बाय 78 इंच जागा लागते, आणि एक मीटर बाय दोन मीटरच्या भिंतीवर ते जेमतेम मावतात. शिवून झाल्यावर ही 72 चौकोनांची गोधडी 36 बाय 72 इंचांची होते. एका माणसाच्या पलंगाला पुरते आणि भोवती साडीचा काठ लावला तर थोडी खालीही लोंबते.

मांडून झाले की पंखा बंद ठेव आणि दाराशी जाऊन पाहा. नंतर मोबाईलवर रंग काढून टाकलेला फोटो घे. माझ्या मांडणीतली गर्द हिरवी आणि डाळिंबी साडी डोळ्यांना किती वेगळी वाटत होती! फोटोत मात्र दोन्ही सारख्याच करड्या दिसल्या आणि मी मोठ्या हौसेने साधलेली नक्षी पूर्ण नाहीशी झाली. रंग वेगळा असून भागत नाही, फिका-गडदपणाही वेगळा हवा, हे मला त्या फोटोनेच शिकवले. डाळिंबीच्या जागी मळकट पांढरी साडी आणल्यावर नक्षी पुन्हा उमटली.

काकूंच्या निळ्या साडीतून नऊच चौकोन निघाले, असे तू लिहिले आहेस. ते शेवटी उरल्या जागी बसवू नकोस. आधी ते नऊ लाव, दोन-तीन दिवस जाता-येता पाहा, हलवावेसे वाटले तर हलव, आणि ते जिथे स्थिरावतील त्यांच्याभोवती बाकीचे 63 मांड. फोटो पाठव, रंगाचाही आणि रंगाविनाही.

तुझी मैत्रीण