डाईंगच्या शेडमधल्या हातांसाठी: हातमोजे आणि पॅच टेस्टकरिता मदतीचे आवाहन

धुळे परिसरातल्या यंत्रमागांसाठी सूत रंगवणाऱ्या कामगारांच्या वतीने आमचे मंडळ हे आवाहन करत आहे. येत्या हिवाळ्यात 60 कामगारांना सहा महिने पुरतील एवढे हातमोजे द्यायचे आहेत. त्यांच्यापैकी ज्यांची कातडी आधीच बिघडली आहे, अशा 15 जणांची पॅच टेस्टही (पाठीवर चकत्या चिकटवून कशाची अॅलर्जी आहे ते शोधणारी चाचणी) करून घ्यायची आहे. मलमांसाठी आम्ही पैसे मागत नाही आणि कृपा करून कोणी मलमाच्या नळ्या आणूनही देऊ नयेत.

सुरुवात बोटांच्या बेचक्यांत होते. आधी खाज, मग बारीक पाणीदार पुळ्या, मग भेगा आणि मनगटापर्यंत जाड, काळवंडलेली कातडी. पुष्कळदा पापण्या आणि मानही सुजते, कारण वजन करताना उडालेली भुकटी घामावर बसते. कामगार याला नायटा समजतो आणि दुकानातून तीन-चार औषधांचे मिश्रण असलेली नळी घेतो. तिच्यात बहुधा जोरदार स्टिरॉइड असते. आठ दिवस बरे वाटते. पण महिनोन्‌महिने लावले की कातडी पातळ होते, आणि खरोखरच नायटा असेल तर तो दबून आतल्या आत पसरतो. रंगाचा हात रंगातच राहिल्यावर मलम काय करणार?

सुती धाग्याला बहुतेक रिअ‍ॅक्टिव्ह रंग देतात. हा रंग धाग्याशी रासायनिक बंध जोडतो, म्हणून धुतल्यावर निघत नाही. कातडीतल्या प्रथिनांशीही तो तसाच जोडला जातो आणि शरीर त्याला परका म्हणून ओळखायला शिकते. पॉलिस्टरच्या डिस्पर्स रंगांपैकी डिस्पर्स ब्लू 106 आणि 124 हे दोन अ‍ॅलर्जीसाठी विशेष कुप्रसिद्ध आहेत. शरीराला हे शिकायला कधी काही आठवडे लागतात, कधी कित्येक वर्षे. पण एकदा शिकले की ते विसरत नाही. मग चिमूटभर भुकटीही पुरते, आणि त्या माणसाला ते काम सोडावे लागते. म्हणून आमचा सगळा भर आधीच्या टप्प्यावर आहे. कॉस्टिक सोडा किंवा ब्लीचिंग पावडरने होणारी जळजळ वेगळी. ती लगेच होते, अ‍ॅलर्जी एक ते तीन दिवसांनी उठते. हातावरचा रंग काढायला ब्लीचिंग पावडर किंवा हायड्रो (रंग उडवणारी रासायनिक पावडर) चोळण्याची सवय घातक आहे, कारण तिने कातडीचे कवच जाते आणि रंगाला आत वाट मिळते.

हातमोजे कसे हवेत, ते नीट वाचूनच द्यावेत. दवाखान्यातले पातळ मोजे अर्ध्या तासात फाटतात आणि कापडी मोजे रंग धरून ठेवतात. नायट्राइल या कृत्रिम रबराचे, सुमारे 0.4 मिलिमीटर जाड आणि निदान 33 सेंटिमीटर लांब असे मोजे लागतात. आखूड मोज्यात लडी वर उचलताना रंगाचे पाणी मनगटावरून आत उतरते. आत कोंडलेला रंग उघड्या हातावरच्या रंगापेक्षा जास्त मुरतो, म्हणजे चुकीचा मोजा हा मोजाच नसण्यापेक्षा वाईट. मोज्याची कड दोन बोटे बाहेर दुमडली की कोपराकडे ओघळणारे पाणी तिथेच अडते. रोज सकाळी मोजा हवेने फुगवून पिळायचा, भोक असेल तर हवा सुटते. काढण्याआधी तो हातातच बाहेरून धुवायचा. एकाचा मोजा दुसऱ्याने घालायचा नाही. सूत गुंडाळणाऱ्या फिरत्या वाइंडिंग मशीनपाशी किंवा ओले सूत गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या चालू हायड्रो मशीनमध्ये मोजा घालून हात न्यायचा नाही, मोजा ओढला गेला तर बोटे जातात.

एका माणसाला महिन्याला दोन जोड, म्हणजे सहा महिन्यांत 720 जोड होतात. मापे 8 आणि 9 जास्त हवीत, लडी सोडवणाऱ्या बायकांसाठी 7. आतून घालायला बनियनच्या कापडाचे सुती मोजे प्रत्येकी चार जोड लागतील, असे 240 जोड. आपल्याकडच्या उन्हात दर दीड-दोन तासांनी ते घामाने ओले होतात आणि बदलावे लागतात. हे मोजे पांढरेच हवेत. बाहेरच्या मोज्याला सुईएवढे भोक पडले तरी पांढऱ्यावर निळा ठिपका लगेच दिसतो. शिलाई मशीन असलेल्या ताईंनी दिवसाला पाच जोड शिवून दिले तरी मोठा आधार होईल, कापड आणि कागदी माप आम्ही पुरवू.

याशिवाय प्रत्येक शेडसाठी तोटीचा 200 लिटरचा पिंप आणि बिनवासाचा सौम्य साबण (कपड्यांची पावडर नको), झाकणाचे डबे, लांब दांड्याचे पळे आणि एन-95 मास्क हवेत. भुकटी पंखा बंद करून मोजायची, आधी थोड्या पाण्यात तिचा लगदा करायचा आणि सांडलेली झाडूने न झाडता ओल्या फडक्याने टिपायची. काम संपल्यावर हाताला लावायला साधी पेट्रोलियम जेली, माणशी महिन्याला 100 ग्रॅम.

पॅच टेस्टमध्ये संशयित रसायनांच्या छोट्या चकत्या पाठीवर चिकटवतात, 48 तासांनी काढतात आणि त्यानंतर पुन्हा एक-दोन दिवसांनी तपासतात. सोमवारी लावल्या तर बुधवारी काढायच्या, शुक्रवारी शेवटची तपासणी. तोवर पाठ भिजवायची नाही आणि घाम येईल असे काम करायचे नाही. एप्रिल-मेमध्ये चकत्या टिकतच नाहीत, म्हणून चाचण्या डिसेंबर-जानेवारीत ठेवल्या आहेत. पाच दिवसांचा रोज बुडतो म्हणून माणूस येत नाही. औषधापेक्षा ही अडचण मोठी आहे. 15 जणांची पाच-पाच दिवसांची मजुरी, म्हणजे 75 रोज, कोणी वाटून उचलाल का? एक रोज दिला तरी चालेल.

नेहमीच्या चाचणी संचातल्या पीपीडी या रसायनामुळे (ते केसांच्या कलपातही असते) काही अ‍ॅझो गटातल्या रंगांची अ‍ॅलर्जी कळते, सगळ्यांची नाही. त्यासाठी कापड-रंगांचा वेगळा संच घ्यावा लागतो, तोही खर्चात धरला आहे. ज्यांना पीपीडीची अ‍ॅलर्जी निघेल त्यांनी केसांचा कलप आणि लगीनसराईतली काळी मेंदी कायमची टाळायची.

शेडमालक आणि रंगाच्या व्यापाऱ्यांकडे पैशांइतकीच दुसरी एक मागणी आहे. सुट्या पिशवीवर नुसते ‘लाल’ किंवा ‘नेव्ही’ लिहिलेले असते, त्यावरून त्वचारोगतज्ज्ञाला काही कळत नाही. मूळ डब्यावरचे रंगाचे पूर्ण नाव, क्रमांक आणि कंपनीचे सुरक्षा माहितीपत्रक यांचा मोबाइलवर फोटो काढून द्या. रसायनांमुळे होणारा त्वचादाह 1948 च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत नोंदवायच्या आजारांत होता. पण पाच-सात माणसांची शेड कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाही, म्हणून तिथली नोंद होत नाही. कोणावर ठपका ठेवायला आम्ही ही माहिती मागत नाही.

वस्तू किंवा रक्कम दिवाळीपर्यंत मंडळाच्या कार्यालयात द्यावी आणि पावती घेतल्याशिवाय परत जाऊ नये. मोज्यांचा खोका देण्याआधी त्यातला एक जोड आम्हाला दाखवावा. लांबी आणि जाडी तपासूनच बाकीचे घेऊ.

मंडळाचे कार्यकर्ते, धुळे