‘कुरसुरा’ला नुसता रंग पुरणार नाही

महोदय,
१९७१ च्या युद्धात अरबी समुद्रात गस्त घातलेली ‘आयएनएस कुरसुरा’ ही सोव्हिएत बनावटीची पाणबुडी २००१ मध्ये सेवेतून निवृत्त झाली आणि विशाखापट्टणमच्या रामकृष्ण किनाऱ्यावर ओढून आणून २००२ पासून संग्रहालय म्हणून खुली करण्यात आली. सुमारे ९१ मीटर लांबीच्या या पाणबुडीत वाकून गोल दारे ओलांडताना, टॉर्पेडोंच्या नळ्यांशेजारच्या अरुंद झोपण्याच्या फळ्या पाहताना, नौसैनिकांच्या कष्टांची कल्पना येते. मात्र समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभ्या असलेल्या पोलादाची निगा बाहेरून रंग फासून राखता येत नाही. बाहेरचे कवच आणि आतला दाबरोधक सांगाडा यांमधल्या पोकळीत ओल साचून गंज आतूनच धरतो, आणि तो दिसेपर्यंत पत्रा पातळ झालेला असतो. त्यामुळे तिकीटविक्रीतील ठरावीक हिस्सा केवळ डागडुजीसाठी राखून ठेवावा आणि पत्र्यांच्या जाडीची नियमित तपासणी करून तिचा अहवाल जाहीर करावा. मुंबईकरांना हे वेगळे सांगायला नको, कारण त्याच युद्धातली ‘विक्रांत’ आपल्याकडे संग्रहालय म्हणून २०१२ पर्यंत कशीबशी टिकली आणि २०१४ मध्ये भंगारात गेली.

– एक वाचक, मुंबई