माल्ट्याच्या बुडाशी बघायला शिकवणाऱ्या भाऊंना

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानले की तुम्ही "झाड कसं हाये?" विचारून विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. नाशिकला आमच्या अंगणातला ब्लड रेड माल्टा, लाल गराची ती मोसंबी, आज तुमच्यामुळे उभी आहे.

नणंदेने पंजाबातल्या अबोहरहून आणून दिलेलं ते कलम डिंक गाळायला लागलं तेव्हा इथे जो तो औषधाची बाटली पुढे करत होता. तुम्ही फोटो पाहिलात आणि आधी पाण्याचं विचारलंत. "बुडाले पाणी नका लागू देऊ जी." डिंक्याची फायटोफ्थोरा बुरशी सतत ओल्या असलेल्या मातीतून सालीत शिरते, हे समजावलंत. मग खोडाला मातीची भर, त्याबाहेर पाण्याचं आळं, असं दुहेरी आळं करवून घेतलंत. कलमाचा सांधा मातीत गाडला गेला होता, तो वीतभर मोकळा करायला लावलात. रोगट साल खरवडायची, बोर्डो पेस्ट लावायची. शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळं भिजवून मग एकत्र, आणि तेही प्लॅस्टिकच्या बादलीत. लोखंडी खिळा बुडवून पाहा, त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, हेही तुमचंच. आता पावसाळ्याआधी आणि नंतर असा दोनदा हात फिरतो.

सांध्याखालून एक काटेरी फांदी जोमात वर चालली होती. घरात सगळ्यांना तिचं कौतुक! तो खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या जंबेरी या आंबट लिंबाचा फुटवा आहे आणि राहू दिला तर माल्टा दबून जाईल, हे तुम्ही बघताक्षणी ओळखलंत. अशी किती घरची झाडं 'मोसंबी आंबट निघाली' म्हणून तोडली जात असतील, याचं मला आता फार वाईट वाटतं. झाड तोडण्याआधी सांध्याखाली एकदा बघा, एवढं हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं आहे.

हे सगळं तुम्ही सांगत होतात ते भाद्रपदात. तिकडे अमरावती जिल्ह्यात शेंदुरजनाघाटला तुमच्या स्वतःच्या संत्र्याच्या बागेत आंबिया बहराची, म्हणजे हिवाळ्याअखेर फुललेल्या बहराची, फळगळ चालू होती, रोज झाडाखाली संत्र्यांचा सडा. ते मला फार उशिरा, तुमच्या मुलाकडून कळलं. वर्षाचं उत्पन्न डोळ्यांदेखत गळत असताना तुम्ही परक्या बाईच्या एका झाडासाठी रात्री फोन उचलत होतात, आणि घाई कधीच केली नाहीत. भाऊ, याची परतफेड मला करता येणार नाही.

रंगाबद्दलही तुम्ही खोटी आशा लावली नाहीत. "थंडी पडली तरच लाल होईन," म्हणालात. मग मी वाचत गेले. सिसिलीत एटना ज्वालामुखीच्या पायथ्याशी दिवस उबदार आणि रात्री गार, म्हणून तिथली फळं गडद होतात. 2012 साली इंग्लंडच्या जॉन इन्स सेंटरमधल्या शास्त्रज्ञांनी यामागचं 'रुबी' जनुक उलगडून दाखवलं; त्याला जाग येते थंडीने, आणि जांभळात असतं तसलं अँथोसायनिन फळात उतरतं. नाशिकची थंडी पुरी पडली नाही, तरी यंदा पाकळ्यांत लाल रेघा उमटल्या. काही फळं तोडून फ्रिजमध्ये ठेवली, त्यांचा रंग आणखी चढला. चव मात्र झाडावरून काढून लगेच खाल्लेल्याचीच सरस, असं माझं मत.

गच्चीवरच्या ड्रममधला साई सरबती लिंबूही खूश आहे. कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या मी रोज सकाळी हाताने वेचते, फवारणी नाही.

भाचा पुढच्या आठवड्यात वरुडला येतो आहे, त्याच्याबरोबर माल्टे पाठवते. वहिनींना आधी द्या. आणि एक विचारायचं राहिलंच: आमची जमीन काळी, भारी, पानं आता जरा मलूल दिसायला लागली आहेत. बहरासाठी पाणी बंद ठेवून दिलेला ताण आताच तोडू, की अजून थांबू?

तुमची,
नाशिकची ताई