कथिल वाकवलं की करकरतं ते का?

संपादक साहेब, तुमच्या विज्ञान पुरवणीत धातू वाकतो तो अणूंचे थर एकमेकांवर सरकतात म्हणून, एवढंच छापलंय, ते अर्धंच झालं हो. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवा, करकर आवाज येतो, कांडी तुटत नसते, आतल्या स्फटिकाचा एक पट्टा झटक्यात कलून शेजारच्या भागाचं आरशातलं प्रतिबिंब असावं तसा बसतो, यालाच ट्विनिंग म्हणतात. सुरुवात बहुतेकदा दोन कणांच्या (धातू ज्या बारीक स्फटिकांचा बनतो त्यांच्या) सीमेवर, जिथे ताण साचतो तिथे होते. आधी एकदम पातळ पट्टा कणात सुसाट घुसतो, मग पट्ट्याच्या कडेवरच्या अणूंएवढ्या पायऱ्या पुढे सरकत सरकत त्याला जाड करतात, हे काम त्यामानाने सावकाश.

मॅग्नेशियममध्ये तर ट्विनिंग होताना स्फटिकाचा उभा अक्ष साधारण ८६ अंशांनी फिरतो, म्हणजे जवळजवळ आडवाच! म्हणून त्याचा रोल केलेला पत्रा लांबीच्या दिशेने ताणला तर नीट टिकाव धरतो आणि त्याच दिशेने दाबला की हे ट्विनिंग सहज सुरू होऊन बराच कमी ताणात नमतो, डिझाइनवाल्यांनी दोन्हीकडे ताकदीचा एकच आकडा धरला तर बोंबललंच. पुढच्या वेळी निदान एक आकृती तरी टाका, जागा तर राशिभविष्याला भरपूर असते.

– एक वाचक, भोसरी