पोरं कोणाची जातात?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

निवडणुका जवळ आल्या की सभांमधून धर्माच्या अन देशाच्या नावाने पोरांमध्ये जो जोश भरला जातो त्याबद्दल लिहितोय. मी स्वतः देवधर्म करणारा माणूस आहे, मुक्ताईच्या यात्रेला जातो, १५ ऑगस्टला राष्ट्रगीत सुरू झालं की अजूनही अंगावर काटा येतो, त्यामुळे मला कोणी देशद्रोही वगैरे म्हणू नये. माझा प्रश्न एवढाच की हा जोश भरणारा माणूस स्वतः काय पणाला लावतो?

खान्देशात जोश आधीपासून आहे. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारला झेंडा घेऊन निघालेला शिरीषकुमार शाळकरी पोरगाच होता. तो, लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम, पाच जण इंग्रजांच्या गोळीबारात गेले. घोषणा तर गुजरातीत होती, 'नहीं नमशे, नहीं नमशे', कारण घरात तीच भाषा, आणि आपल्या कोणाला त्यात कधी काही खटकलं नाही.

साने गुरुजींचं बघा. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधली मास्तरकी १९३० ला सोडली आणि सत्याग्रहात उतरले. १९३२ ला धुळ्याच्या जेलमध्ये विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे अन गुरुजी ते भराभर लिहून घ्यायचे. म्हणजे देशासाठी जेल आणि जेलमध्ये गीता, दोन्ही एकाच ठिकाणी होतं की! नंतर मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून हाच माणूस प्राणांतिक उपोषणाला बसला. तेही धर्मासाठीच होतं, पण उपाशी ते स्वतः राहिले, कोणाची दुकानं फोडायला दुसऱ्याची पोरं नाही पाठवली त्यांनी.

आता काय होतं? नेता भाषण करून गाडीत बसून निघून जातो, त्याचा पोरगा पुण्याला नाहीतर परदेशात शिकत असतो, आणि इकडे आपल्या गल्लीतली पोरं स्टेटस टाकतात, मिरवणुकीत घुसतात, दगड उचलतात, मग सीसीटीव्हीत दिसले की गुन्हा दाखल. पहाटे उठून पोलीस भरतीसाठी, आर्मीसाठी धावणारी हीच पोरं असतात हो, आणि एकदा केस लागली की चारित्र्य पडताळणीत अडकतात. वर वकिलाची फी आणि तारखांना चकरा, त्या पोराच्या बापाने कापूस विकून करायच्या. तेव्हा भाषणवाला फोन पण उचलत नाही. हे दोन्ही बाजूच्या मोहल्ल्यांत होतं, मी एकाच बाजूचं बोलत नाहीये.

आणि धर्माच्या नावाने मत मागायला कायद्याने बंदी आहे, लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३(३). २ जानेवारी २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने ४ विरुद्ध ३ मतांनी ही बंदी अजून व्यापक केली, उमेदवाराचाच नाही तर मतदाराचा धर्म सांगून पण मत मागता येत नाही. पण आपल्याकडे सभेत हे सगळं खुल्लमखुल्ला चालतं आणि लोक टाळ्या वाजवतात. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत सांगून ठेवलं होतं की धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हे वाक्य प्रत्येक ग्रामपंचायतीत लिहून लावावं असं मला मनापासून वाटतं.

आपल्या पेपरला एक विनंती आहे. दंगल झाली की दोन-चार दिवस पहिल्या पानावर फोटो येतात, नंतर सगळं गायब. त्या केसेसमधली पोरं सहा महिन्यांनी, वर्षाने कुठे आहेत, जामीन कोणी दिला, नोकरी कोणाची गेली, हे नावं न देता पण छापत चला. आणि ज्याच्या सभेनंतर हे झालं त्याला पण फोन करून विचारा की बाबा तू या घरांसाठी काय केलंस, त्याचं जे काही उत्तर येईल ते जसंच्या तसं त्याच बातमीत छापा.

आपला नियमित वाचक,
अमळनेर, जि. जळगाव