वजन बघता तसं झोपेचं आणि काळजीचं पण विचारा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात हल्ली शुगर, बीपी, वजन यावर बरंच छापून येतंय, ते यायलाच पाहिजे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण कुठलाही लेख घ्या, शेवटी सांगणं एकच, जिभेवर ताबा ठेवा आणि रोज चाला. मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात मराठी शाळेत शिकवते, संध्याकाळी गावातल्या बायकांबरोबर चालायला जाते, आणि चालता चालता जे कानावर पडतंय त्यावरून सांगते, काय खावं काय खाऊ नये हे आमच्यातल्या बहुतेक जणींना तोंडपाठ आहे. अडलंय दुसरीकडे. पोटात भूक नसताना हात डब्याकडे जातोय, आणि तो का जातोय हे त्यांना कोणीच विचारत नाही. डॉक्टर विचारत नाहीत, घरचे विचारत नाहीत, लेख लिहिणारे पण नाहीत. म्हणून हे पत्र.

आमच्यातल्या एका वहिनींचं सांगते, त्यांना विचारून लिहितेय, नाव तेवढं देत नाही. नवरा मिल्ट्रीत. आमच्या भागात हे काही नवीन नाही, मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटरच बेळगावात, गावागावातून पोरं भरती होतात. वहिनींचं दिवसभर सगळं व्यवस्थित असतंय, सासूबाईंचं पथ्य, पोरांचे डबे, म्हशीचं दूध, सगळं. रात्री साडेदहाला भांडी झाली, ओटा पुसला, सगळे झोपले की मग फोनची वाट बघायची. तिकडं नेटवर्क नसलं की फोन येत नाही. मग ओट्यापाशी उभ्या उभ्याच चुरमुऱ्याचा चिवडा, त्यावर शेव, कोणीतरी आणलेला खव्याचा कुंदा उरला असेल तर तो. ताट नाही, बसायचं नाही, लाईट पण लावायचा नाही, आणि डब्याचं झाकण वाजू नये म्हणून एका हाताने दाबून धरून दुसऱ्या हाताने उघडायचं. मला म्हणाल्या, "भूक नसतीय हो आक्का, छातीत नुसतं कसंतरी होतंय, चावत राहिलं की जरा बरं वाटतंय." आणि सकाळी स्वतःचाच राग, म्हणून नाष्टा बंद, दुपारी अर्धीच भाकरी, आणि रात्र झाली की परत डबा.

आता या बाईला जिभेवर ताबा ठेव म्हणून सांगून काय उपयोग होणार आहे सांगा. दिवसभर ताबा ठेवून ठेवूनच तर रात्री हे होतंय.

यात शरीराचा पण हिशोब आहे, तो लोकांना समजावून सांगायला पाहिजे. काळजी बरेच दिवस चालू राहिली की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं हार्मोन वाढतंय आणि गोड-तळलेलं खावंसं वाटायला लागतंय, ते खाल्लं की थोडा वेळ बरं वाटतंय हे खरंच आहे, म्हणूनच मन परत तिकडेच ओढतंय. झोप कमी झाली तर भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरलं म्हणून सांगणारं लेप्टिन कमी होतं. म्हणजे जी बाई रात्री बारापर्यंत जागी आणि पहाटे पाचला उठून कामाला लागते तिला दुसऱ्या दिवशी जास्त भूक लागली तर त्यात तिच्या स्वभावाचा काय दोष? आणि वरून उपाशी राहणं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ ला एक प्रयोग झाला होता, ३६ धडधाकट तरुणांना जवळजवळ सहा महिने साधारण निम्म्या जेवणावर ठेवलं होतं. त्या पोरांना दिवसभर जेवणाशिवाय काही सुचेना, पाककृतीची पुस्तकं वाचत बसायची, आणि नंतर पोटभर मिळायला लागलं तरी कितीतरी जणांचं पोट भरल्यासारखं होईना. तरणीताठी पोरं ती, मनाने पण खंबीर, त्यांची ही गत. तर आमच्या बायका नाष्टा सोडून, दोन एकादश्या आणि सोमवार धरून वर डाएट करतात त्यांचं रात्री काय होणार?

म्हणून आमच्या ग्रुपमध्ये पहिली गोष्ट हीच ठरली की सकाळचं आणि दुपारचं जेवण सोडायचं नाही. बारीक व्हायचं असेल तरी सोडायचं नाही. दुसरं, रात्री खावंसं वाटलं तर आधी स्वतःला विचारायचं, भाकरी आणि मसुराची आमटी समोर आली तर खाईन का? खाईन असं वाटलं तर ती खरी भूक, जेवून घ्या की सरळ. आणि भाकरी नको, शेवच पाहिजे, गोडच पाहिजे असं असेल तर दुसरंच काहीतरी आहे, मग पाच-दहा मिनिटं थांबायचं, आमच्यातल्याच कोणालातरी फोन करायचा नाहीतर मेसेज टाकायचा. तरी पण खायचंच असेल तर खा, पण वाटीत काढून, लाईट लावून, खाली बसून खा. मला यातलं हे शेवटचंच सगळ्यात महत्त्वाचं वाटतंय कारण चोरून खाल्लं की लाज वाटते आणि लाज वाटली की परत खाल्लं जातंय. वहिनी अजून पण काही रात्री खातात. पण बसून खातात, आणि सकाळी नाष्टा करतात, एवढा फरक पडला.

कुंद्याला, करदंटाला, भज्यांना शिव्या घालायचं पण बंद करा अशी विनंती आहे. सणावाराला, पाहुणे आले तर खायची वस्तू ती, खाऊ दे की. खरी साखर आमच्याकडे चहातून जातेय हे कोणाच्या लक्षात येत नाही. ज्याच्या घरी जाल तिथं अर्धा कप, नाही म्हटलं तर माणूस रागावतंय. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी, म्हणजे सहा चमचे झाले. दिवसात पाच चहा आणि प्रत्येकात दोन चमचे धरले तर दहा चमचे चहातच गेले, कुंद्याला हात पण लावला नाही अजून. आणि एकटं वाटतंय, कंटाळा आलाय, सासूशी वाजलंय म्हणून जो चहा ठेवला जातो तो पण यातच धरा.

खाण्याच्या चार्टबद्दल पण बोलायचंय. आमच्यातल्या एकीला एका दवाखान्यातून चार्ट मिळाला, त्यात ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑईल. ते आमच्या बाजारात बघायला मिळत नाही आणि मिळालं तरी परवडत नाही, दोन दिवसात चार्ट फ्रीजवर लटकत राहिला आणि तिला वाटलं आपल्याच्यानं काही होत नाही. अहो, भात काढल्यावर आमच्या शेतात मसूर होतो, हरभरा होतो, वाटाणा होतो, खानापूर-चंदगडकडे नाचणी आहे, हुलगे आहेत, उचगाव बाजूला रताळी आहेत, ताक घरोघरी. मसुराची उसळ, नाचणीची भाकरी, एक पालेभाजी, काकडी नाहीतर मुळ्याची कोशिंबीर, आणि भात आहे त्यातला एक वाढप कमी. एवढं सांगितलं असतं तर तिने निभावलं असतं. डाळ-कडधान्य पोटात नीट गेलं तर संध्याकाळची खा-खा पण कमी होते, हे आम्ही सगळ्याजणींनी अनुभवलंय.

चालण्याचं म्हणाल तर आठवड्याला निदान १५० मिनिटं जरा दम लागेल असं चालावं आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम करावेत असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. शहरातल्या लोकांना व्हॅक्सिन डेपोचं मैदान आहे, किल्ला तलाव आहे, तिथली झाडी बघूनच बरं वाटतंय. गावाकडं आम्हाला रस्त्याच्या कडेनेच चालायचं असतं, अंधार पडला की लाईट नाही, कुत्री, ट्रॅक्टर, आणि जून लागला की चार महिने पाऊस. आमच्याकडे तालमीची एवढी मोठी परंपरा, येळ्ळूरच्या मैदानाला कुठून कुठून पैलवान येतात, पण गावात बाईमाणसाला व्यायाम करायला एक खोली नाही. पावसात आम्ही शाळेच्या व्हरांड्यात जमतो, सूर्यनमस्कार, खुर्चीवरून उठ-बस, पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन वर-खाली, एवढंच. पण जमतो. आणि खरं सांगू का, त्या तासात पोटातलं बोललं जातंय त्याचा उपयोग व्यायामाएवढाच होतो असं माझं मत आहे.

मधे दोन-चार दिवस खाडा झाला की बायका सोडूनच देतात, मोडलं म्हणतात. त्यांना मी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अभ्यासाचं सांगते. ९६ लोकांवर केलेला, त्यात एखादी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ आणि कोणाला २५४ पर्यंत लागतील असा हिशोब निघाला, आणि मधे एखादा दिवस चुकला तरी सवय काही बिघडली नाही. हे २१ दिवसात सवय लागते म्हणून जे मोबाईलवर फिरतंय ना त्याने लोकांचं नुकसानच होतंय, बाविसाव्या दिवशी जमलं नाही की माणूस स्वतःला नालायक समजायला लागतंय.

पुरुषांचं पण काही वेगळं नाही. उद्यमबागला फाउंड्रीत शिफ्ट करून येणारी माणसं, पगार उशिरा, कर्ज, साहेबाचं बोलणं, ते सगळं भजी-गिरमिट आणि मग पुढं बाटलीवर जाऊन निघतंय. पण बाईने खाल्लं तर हावरट आणि पुरुषाने खाल्लं तर कष्टाचं शरीर, असं बोलतात लोक. दोघांच्या पण मनात काय चाललंय ते कोणी विचारत नाही. आणि लहान पोरांना हेच शिकवतोय आपण, रडलं की बिस्किट, पडलं की चॉकलेट, मार्क कमी पडले तरी समजूत म्हणून काहीतरी खायला. वर्गात बघते ना मी, ज्या पोराच्या घरी भांडणं त्याच्या दप्तरात कुरकुऱ्याची पाकिटं जास्त.

काहींचं दुखणं याच्या पुढे गेलेलं असतंय, ते पण सांगितलं पाहिजे. थोड्याच वेळात भरपूर खाल्लं जातंय, थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नाही, आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने असंच चाललंय, तर त्याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात, २०१३ पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत तो स्वतंत्र आजार आहे. त्याला उपचार आहेत. चार्ट देऊन, नाहीतर घरच्यांनी टोमणे मारून तो बरा होत नाही.

आणि इथंच आमच्या सीमाभागाची खरी अडचण आहे, भाषेची. कन्नडशी माझं काही भांडण नाही, बाजारात, बसमध्ये आम्ही सगळेच बोलतो, शेजार पण आहे. पण नवऱ्याची काळजी, सासरचं दुखणं, आई गेल्याचं दुःख हे बाईला घरच्या भाषेतच सांगता येतंय. शुगर किती आहे ते कुठल्या पण भाषेत कळतं, रात्री का खाते हे दुभाषा मधे घेऊन सांगता येत नाही. आणि सोय करणं आपल्या कर्नाटक राज्याला अवघड आहे अशातला भाग नाही, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आज देशभर आहे तो १९८० च्या दशकात बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने बळ्ळारी जिल्ह्यात केलेल्या कामावरूनच उभा राहिला. आपल्याला धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे, मनाच्या त्रासाबद्दल बोलायला टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा फुकट नंबर २०२२ पासून चालू आहे, रात्री पण लागतो. आमच्या गावात हा नंबर मी विचारला तर कोणालाच माहीत नव्हता.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ च्या अहवालाप्रमाणे देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींवर त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या लोकांना दर तीन महिन्यांनी वजनकाट्यावर उभं करताय, तर त्याच वेळी झोप कशी लागते, कसली काळजी आहे का, भूक नसताना खाल्लं जातंय का, एवढं विचारायला किती वेळ लागणार आहे?

तर माझं मागणं असं. प्राथमिक आरोग्य केंद्रात शुगर तपासणीच्या दिवशी हे तीन प्रश्न विचारावेत, आणि बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात ते मराठीतून विचारणारं एखादं माणूस ठेवावं, आशाताई आहेतच की गावात, त्यांना शिकवलं तरी चालेल. ग्रामपंचायतींनी चालायच्या रस्त्याला लाईट द्यावा आणि संध्याकाळी शाळेचा नाहीतर समाजमंदिराचा हॉल बायकांना उघडून द्यावा, भाडं न घेता. आणि आपल्या पेपरने १४४१६ हा नंबर आरोग्य पानावर कायमचा छापावा, मोठ्या अक्षरात, म्हणजे चष्मा न लावता पण वाचता येईल.

आपली,
एक वाचक (शिक्षिका), बेळगाव तालुका