टप उघडायच्या आधी बॅटरी बघ

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय मन्या,

तुझा मेसेज मिळाला, ती पुण्यातली सेकंडहँड ऑडी ए3 कॅब्रिओले, म्हणजे वरचा कापडी टप उघडणारी गाडी, घेऊ का नको, आणि वर "तू तर मर्सिडीज घेऊन बसलायस, आता खरं काय ते सांग". व्हॉट्सअ‍ॅपवर हे सांगून होणार नाही, म्हणून चहाचा कप घेऊन लॅपटॉपवर बसलोय, लांबेल, वहिनींना सांग जेवायला थांबू नका म्हणून.

आधी पैशाचं बोलतो, तू शेवटी तेच विचारणार. माझी मर्सिडीज 2000 सालची एसएल 500 आहे, तीही टप उघडणारीच, आर129 म्हणतात त्या पिढीला, 1989 मध्ये जिनिव्हाच्या शोमध्ये आली आणि 2001 पर्यंत बनत होती, ती आली तेव्हा मर्सिडीजच्या डिझाईनचा मुख्य ब्रुनो साक्को होता. नवीन असताना ऐंशी हजार डॉलरच्या वरची गाडी, आणि आज एखाद्या बऱ्यातल्या जुन्या कोरोलाच्या भावात पदरात पडते. लोक इथंच भुलतात. गाडीची किंमत उतरते पण पार्टची उतरत नाही रे, ब्रेकचं काम असो की सस्पेन्शनचं, बिल ऐंशी हजारवाल्या गाडीचंच येतं. म्हणून मी घेतानाच ठरवलं होतं की जेवढ्याला गाडी घेतली त्याच्या निम्मे पैसे पहिल्या वर्षासाठी वेगळे काढून ठेवायचे, आणि ते हळूहळू जातायत, अगदी ठरल्याप्रमाणे. तुझ्या बजेटमध्ये ही निम्मी रक्कम बसत नसेल तर पुढचं पत्र वाचू नकोस, सरळ एखादी स्विफ्ट घे.

वाचतोयस ना अजून? मग ऐक. असल्या गाडीत काहीही बिघडलं, दिवा लागला, टप अर्ध्यात अडकला, काच खाली जाईना, की पहिलं काम म्हणजे मल्टिमीटर घेऊन बॅटरीचा व्होल्टेज बघायचा. गाडी रात्रभर बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास पाहिजे, 12.2 वगैरे दिसला तर बाकी काही बघूच नकोस, आधी चार्ज कर. चालू इंजिनवर 14 च्या आगेमागे पाहिजे, नसेल तर अल्टरनेटर, म्हणजे चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करतो तो, बघायचा. ह्या गाड्यांमध्ये सगळीकडे कंट्रोल युनिट, म्हणजे छोटे कॉम्प्युटरच, व्होल्टेज पडला की एकेक युनिट काहीबाही बरळायला लागतं, आणि मेकॅनिक स्कॅनर लावून आलेले बिघाडाचे सगळे कोड खरे मानतो आणि पार्ट बदलत सुटतो. माझ्या आधीच्या मालकाची फाईल आहे माझ्याकडे, त्यात टपाचं कंट्रोल युनिट बदलल्याचं भलंमोठं बिल आहे आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात नवीन बॅटरीचं. काय झालं असेल ते तूच समज. माझ्या गाडीत बॅटरी डिकीत आहे, तिथं आता चार्जरची वायर कायमची काढून ठेवलीय, गाडी उभी असली की ट्रिकल चार्जर, बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा, लावलेला.

आता टप. हा खरा कार्यक्रम. बटण ओढून धरलं की काचा खाली, मागचं झाकण उघडतं, पुढची कुलपं सुटतात, कापडी टप घडी होऊन आत जातो, झाकण बंद, सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचा खेळ, सिग्नलला उभा असलास तर शेजारचा ट्रकवाला हॉर्न वाजवून दाद देतो. हे सगळं हायड्रॉलिकवर, म्हणजे तेलाच्या दाबावर, डिकीत एक पंप आणि तिथून नळ्या गाडीभर फिरलेल्या, टोकाला छोटे छोटे सिलेंडर. त्या सिलेंडरच्या आतली पॉलियुरेथेनची सीलं असतात ना, ती वापरून खराब होत नाहीत, वयाने होतात, आतल्या आत भुगा होतो. म्हणजे "साहेब, टप कधी उघडलाच नाही, एकदम नवा आहे" असं कोणी कौतुकाने सांगितलं तरी त्याला काही अर्थ नाही, सीलं तेवढीच म्हातारी.

आणि गळायला सुरुवात होते ती सगळ्यात वाईट जागी. टपाची पुढची कुलपं उघडणारे सिलेंडर बरोबर पुढच्या काचेच्या वरच्या चौकटीत आहेत, म्हणजे आपल्या डोक्यावर. एका रविवारी ही शेजारी बसली होती, आरशाजवळून तेलाचा थेंब टपकन तिच्या कॉटनच्या कुर्त्यावर, मग दुसरा. पुढे काय झालं ते लिहीत नाही. घरी येऊन आरशाजवळचं प्लास्टिकचं कव्हर काढलं तर आतला फोम तेलाने चिंब, बोट दाबलं की तेल वर यायचं, आणि सिलेंडरच्या दांड्यावर मधासारखा पिवळट चिकट थर. तेव्हाच ठरवलं की एकटा हा सिलेंडर करायचा नाही. एक गेला म्हणजे बाकीचे रांगेत उभे आहेत, आणि दरवेळी तेवढंच आतलं कापड आणि पत्रे सोडायचे. नवीन सिलेंडर कंपनीकडून घ्यायचा तर एकेक शेकडो डॉलरला. त्यापेक्षा इथं असे लोक आहेत की जुने सिलेंडर पोस्टाने पाठवायचे, ते नव्या, जास्त टिकणाऱ्या मटेरियलची सीलं घालून परत पाठवतात. मी सगळे काढले, प्रत्येकावर आणि त्याच्या नळ्यांवर मास्किंग टेप लावून नंबर घातले, फोटो काढले, आणि खोक्यात भरून पाठवून दिले. परत आल्यावर बसवायला वेळ लागला पण डोकं लागलं नाही, ते त्या टेपमुळे. तेल मात्र मर्सिडीजने त्या सिस्टीमसाठी सांगितलेलंच घालायचं. कोणी म्हणेल ब्रेक ऑईल चालतं, अजिबात ऐकू नकोस, नवीन सीलांची वाट लागेल.

मागच्या खिडक्या प्लास्टिकच्या आहेत, थंडीत त्या कडक होतात आणि घडी पडली की तडकतात, म्हणून थंडीत टपाला हात लावायचा नाही असा घरात नियम. तसाही हिवाळ्यात वर अ‍ॅल्युमिनियमचं हार्डटॉप बसवतो, दोन माणसं लागतात उचलायला, शेजारचा गुज्जूभाई येतो बिचारा. रस्त्यावर मीठ टाकायला लागले की गाडी गॅरेजमध्येच.

दुसरी गोष्ट गिअरबॉक्सची, आणि ही तुला सांगायला मला फार मजा येतेय. घेतल्यावर काही आठवड्यांनी गाडी मधेच दुसऱ्या गिअरमध्ये अडकायला लागली, इंजिन ओरडतंय आणि पुढचा गिअर पडत नाही, बंद करून चालू केली की पुन्हा शहाणी. एका मोठ्या वर्कशॉपने गिअरबॉक्स रीबिल्डचं कोटेशन दिलं, आकडा बघून मी नुसता हसलो. मग एका पोलिश म्हाताऱ्याकडे गेलो, त्याने गाडी वर घेतली नाही, स्कॅनर काढला नाही, बोनेट उघडून इंजिनापाशी जो काळा डबा आहे त्यातून गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट बाहेर ओढलं आणि त्याचा प्लग माझ्या नाकाखाली धरला. प्लगमध्ये लाल तेल! गिअरबॉक्समधलं तेल, वायरीच्या आतून चढत चढत थेट इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत पोचलेलं, दिव्याच्या वातीत चढतं तसं. हा पाच गिअरचा 722.6 गिअरबॉक्स, त्याच्या बाजूला वायरी आत जातात तिथं एक प्लास्टिकची बुशिंग, म्हणजे बूचच, असते, तिच्या ओ-रिंग, रबरी कड्या, कडक झाल्या की तेल झिरपतं. ती बुशिंग दहा-पंधरा डॉलरला मिळते आणि एका 7 मिलिमीटरच्या स्क्रूवर बसते. बुशिंग बदलली, प्लग क्लीनरने धुतले, गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर बदलला, झालं. आणि हो, कंपनीने एकेकाळी ह्या तेलाला "आयुष्यभराचं" म्हणून विकलं, डिपस्टिकसुद्धा दिली नाही, नळीवर सीलबंद टोपी. कोणाच्या आयुष्यभराचं ते मात्र सांगितलं नाही.

बाकीचं पटापट सांगतो. गरम इंजिन बंद पडून थंड झाल्यावर चालू होत असेल तर पहिला संशय इंजिन फिरतंय का ते सांगणाऱ्या क्रँक सेन्सरवर, चांगल्या कंपनीचाच घे, बाजारात नकली भरपूर. स्पार्क प्लग माझ्या आठ सिलेंडरच्या व्ही8 इंजिनाला 16 आहेत, सिलेंडरला दोन दोन, सगळे हाताला लागेपर्यंत बोटं सोलून निघतात. इंजिन ऑईल जवळपास 8 लिटर लागतं, फुल सिंथेटिक 0डब्ल्यू-40, ते मी डिपस्टिकच्या नळीतून वरूनच पंपाने ओढून काढतो, गाडीखाली जायची गरज नाही, कंबर वाचते. टायरवर शेवटचे चार आकडे वाच, 2315 म्हणजे 2015 च्या 23 व्या आठवड्यातला. उभ्या गाड्यांच्या टायरला नक्षी भरपूर असते आणि रबर मेलेलं असतं.

आता तुझी ऑडी. ती माझ्यापेक्षा पुष्कळ तरुण, 2014 च्या शेवटी भारतात आलेलं मॉडेल, 1.8 पेट्रोल आणि सात गिअरचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, त्यामुळे माझी सगळी दुखणी तुला नाहीत. पण तुझ्याकडे पुण्याचा पाऊस आहे. टपाच्या कडेने पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात, पार्किंगमधल्या झाडाचा पाला त्यात बसला की पाणी आत कार्पेटखाली जातं, आणि तिथं वायरी आहेत. बघायला जाशील तेव्हा पायाखालचा गालिचा उचलून हात घाल, ओल लागली किंवा कुबट वास आला तर नमस्कार करून निघ. परफ्युम मारलेली गाडी दिसली तर जास्तच हुंग. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास चालव, रिकाम्या रस्त्यावर नको, क्लच गरम झाल्यावर पहिल्या-दुसऱ्यात सरकताना थरथरते का बघ. सर्व्हिसची कागदं माग, नुसते शिक्के नकोत, बिलं पाहिजेत. तिच्या टपाला कंपनीप्रमाणे उघडायला 18 सेकंद लागतात, मोबाइलवर मोज. आणि मालकाला आधी फोन करून सांग की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, थंड इंजिनचा पहिला आवाज आपल्याला ऐकायचाय.

शनिवारी बघायला जाणार म्हणालास ना? मग मल्टिमीटर घेऊन जा, नसेल तर लक्ष्मी रोडच्या मागे तपकीर गल्लीत स्वस्तात मिळेल, आणि मला दोन व्हिडिओ पाठव, एक टप पूर्ण उघडून बंद होतानाचा न थांबता, दुसरा फोन डिकीत ठेवून, डिकी बंद करून टप चालवतानाचा, पंपाचा आवाज नीट आला पाहिजे. माझ्याकडे सकाळ असेल, मी जागाच असतो. मी बघून सांगितल्याशिवाय टोकन देऊ नकोस, मालक कितीही म्हणाला की दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे तरी.

तुझा,
बाळ्या